काळी भिंत किती उजेड गिळते?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही नव्या टॉवरचा सँपल फ्लॅट बघून या. दार उघडलं की समोर कोळसा रंगाची भिंत, तिच्यावर टीव्ही, खाली पांढरंशुभ्र युनिट, खिडक्यांच्या फ्रेम काळ्या, पडदे पांढरे. नवी मुंबईत खारघरला जा, उलव्याला जा, तेच. दिसतं छान, यात वाद नाही. अडचण पुढे येते. ताबा मिळाल्यावर आपण हौसेने तोच शेड नंबर रंगाऱ्याच्या हातात ठेवतो आणि राहायला गेल्यावर भर दुपारी हॉलमध्ये पेपर वाचायला दिवा लावावा लागतो. मग कुणी रंगाऱ्याला नावं ठेवतं, कुणी कंपनीला, कुणी वास्तूला.

सँपल फ्लॅटमध्ये भर दुपारीही झाडून सगळे दिवे चालू असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. फॉल्स सीलिंगमधले, युनिटखालचे, आरशामागचे. पुढच्या वेळी गेलात तर दोन मिनिटं ते बंद करायला सांगा. फ्लॅट खरा कसा आहे ते तेव्हा कळेल.

गडद आणि फिका रंग शेजारी-शेजारी ठेवायचा हा खेळ नेमका चालतो कसा आणि आपल्या साडेसहाशे-सातशे फुटांच्या घरात तो कुठे जमतो, कुठे अंगाशी येतो, ते बघू. मूळ मुद्दा एवढाच, की या जोडीत रंगापेक्षा उजेडाचं काम मोठं आहे.

डोळ्याला दिसतो तो फरक

आधी एक शब्द समजून घेऊ: कॉन्ट्रास्ट. लगतच्या दोन गोष्टींमधला गडद-फिकेपणाचा फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. रंग वेगळे असले म्हणजे कॉन्ट्रास्ट असतोच असं नाही. मरून सोफा आणि मागे गडद हिरवा पडदा घ्या. रंग एकमेकांपासून पार लांबचे, पण मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक-अँड-व्हाइट केला की दोन्ही एकाच करड्या गोळ्यात मिसळून जातात. संध्याकाळी दिवे मंद केले की प्रत्यक्षातही तेच होतं. उलट काळ्या सोफ्यावरची पांढरी उशी अर्धवट अंधारातही कळते, कारण उजेड कमी झाला तरी पांढऱ्यावरून काळ्याच्या किती पट उजेड परत येतो ते प्रमाण बदलत नाही.

वारली घरातली चित्रं आठवा. आपल्या ठाणे जिल्ह्यातून 2014 साली पालघर वेगळा झाला, त्या पट्ट्यातली ही कला. कारवीच्या कुडाची, शेणाने लिंपलेली आणि गेरूने सारवलेली भिंत, आत उजेड जेमतेम, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. गडद गेरूवर ती लांबूनही वाचता येते. हाय-कॉन्ट्रास्ट ही काही परदेशातून आलेली फॅशन नव्हे.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी उजेडाची नोंद घेताना शेजारच्या पेशीशी तुलना करतात. एकीवर जास्त उजेड पडला की ती शेजारणीला दाबते. त्यामुळे गडद-फिक्याच्या सीमारेषेवर फरक आहे त्यापेक्षा जास्त जाणवतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात, तिथे रंगाई खात्यावर मिशेल यूजेन शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. तक्रार अशी आली, की कारखान्याचा काळा रंग नीट उतरत नाही, फिका दिसतो. त्यांनी तो काळा इतर ठिकाणच्या काळ्याशी ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. त्याच्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. शेजारच्या रंगामुळे रंग कसा बदललेला भासतो याचा नियम त्यांनी 1839 साली मांडला.

ठाण्याच्या घरात याचा अनुभव असा येतो. हॉलची एक भिंत काळी केली, बाकी घराला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवरचे पिवळट पडलेले जुने स्विच बोर्ड डोळ्यांत भरायला लागतात. ते पूर्वीही पिवळेच होते, पण क्रीम भिंतीवर ते लपून होते. दरवाजाची जुनी ऑफ-व्हाइट चौकट मळकी वाटते. छताच्या कडेला रंगाऱ्याचा हात जिथे थरथरला ती नागमोडी रेघ आयुष्यभर टोचत राहते. एका भिंतीचा खर्च काढताना स्विच बोर्ड, चौकट आणि मास्किंग टेप हे तीन आकडे त्यात आधीच धरावेत.

शेड कार्डावर न दिसणारा अंक

रंगाच्या प्रत्येक छटेला एक अंक असतो: एलआरव्ही, म्हणजे लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत खोलीत येतो, तो हा अंक. शून्य म्हणजे सगळा गिळला, शंभर म्हणजे सगळा परत दिला. दुकानात मिळणाऱ्या रंगांत दोन्ही टोकं सापडत नाहीत. बाजारातला काळा साधारण 3 ते 5 च्या आसपास असतो, चांगला पांढरा 85 ते 90 च्या. कागदी शेड कार्डावर हा अंक बहुधा छापलेला नसतो, पण बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर शेडच्या माहितीत सापडतो. नाहीच सापडला तर डीलरला विचारा.

इथे एक फसगत आहे, आणि गोंधळाचं खरं मूळ तेच आहे. पांढरा आणि काळा यांच्या बरोबर मध्ये कुठला करडा, असं विचारलं तर आपला डोळा जो करडा दाखवतो त्याचा अंक 50 नसतो. तो असतो साधारण 18. फोटोग्राफर मंडळी जे 18 टक्क्यांचं ग्रे कार्ड वापरतात ते याचसाठी. म्हणजे शेड कार्डावर "फार डार्क नको, मधला घेऊ" म्हणून आपण जो करडा निवडतो, तो उजेडाच्या भाषेत मधला नसतोच. पडलेल्या उजेडापैकी चार-पंचमांश तो खाऊन टाकतो. नवरा-बायकोने तडजोड म्हणून काळ्याऐवजी चारही भिंतींना मध्यम ग्रे लावला आणि घर काळ्याच्या जवळपास अंधारं झालं, असं होतं ते यामुळे. त्यापेक्षा एकच भिंत पूर्ण काळी आणि बाकी तीन पांढऱ्या, हा सौदा कितीतरी फायद्याचा. पुढचा हिशेब बघा, पटेल.

उजेडाचा हिशेब

गल्लीतल्या क्रिकेटचा रबरी चेंडू सिमेंटच्या भिंतीवर आपटला तर परत येतो, समोरच्या भिंतीवर जातो, पुन्हा येतो. तोच चेंडू दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीवर बसला की तिथेच खाली गळतो. खोलीतल्या उजेडाचं असंच चालतं. दिव्यातून निघालेला किंवा खिडकीतून आलेला उजेड भिंतीभिंतींवर आपटत राहतो आणि खोलीतला उजळपणा म्हणजे या सगळ्या उड्यांची बेरीज असते.

दहा बाय बाराची खोली घ्या, उंची नऊ फूट. भिंतींचा एलआरव्ही 75, छताचा 85, आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्सचा 50 धरू. कपाटं, दारं, सामान सध्या विसरू. सगळ्या पृष्ठभागांची सरासरी येते 72 च्या आसपास. म्हणजे दर उडीला 28 टक्के उजेड गिळला जातो. 100 भागिले 28, म्हणून सगळ्या उड्या मिळून उजेड मूळच्या 3.6 पट होतो.

आता बारा फुटी एक भिंत काळी केली, एलआरव्ही 5. ही पट येते अडीचवर. म्हणजे खोलीतला उजेड साधारण 30 टक्क्यांनी घटला. एका भिंतीने.

चारही भिंती काळ्या केल्या तर पट येते 1.4 वर. 60 टक्क्यांहून जास्त उजेड गेला. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात सोफा, पडदे, पुस्तकांचं कपाट सगळं मध्ये येतं. तरी एकूण चित्र असंच राहतं. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: दिव्याखालच्या टेबलावर जो उजेड थेट पडतो तो कमी होत नाही. जातो तो कोपऱ्यांतला, सोफ्यामागचा, कपाटाच्या आतला. म्हणून काळ्या खोलीत टेबल लखलखीत आणि कपाटातला मोजा मात्र सापडत नाही, अशी गंमत होते.

रात्रीचं भागवणं सोपं आहे. एक भिंत काळी केल्याने गेलेला उजेड परत आणायला सव्वा ते दीडपट दिवे पुरतात. 20 वॉटची एलईडी ट्यूब असेल तर जोडीला 9 वॉटचा एक बल्ब. रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा नाही. तेवढ्यासाठी हौस मारायचं कारण नाही. दिवसाचा उजेड मात्र विकत आणता येत नाही. तिथे निर्णय खिडकी बघूनच घ्यावा लागतो.

मग कुठली भिंत?

आपल्याकडच्या टॉवरमधला ठरलेला नकाशा असा: लांबट हॉल, एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला बाल्कनी किंवा मोठी स्लायडिंग खिडकी, दोन लांब भिंतींवर समोरासमोर सोफा आणि टीव्ही.

खिडकीची भिंत गडद करू नये. त्या भिंतीतून उजेड आत येतो, पण तिच्यावर पडत नाही, म्हणून ती आधीच खोलीतली सर्वांत अंधारी भिंत असते. ती काळी केली की शेजारची खिडकी भगभगीत दिसते आणि डोळे दिपतात. खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा मोबाइलवर फोटो काढला की त्याचा चेहरा काळवंडतो, तोच प्रकार. काळी ॲल्युमिनियम फ्रेम चालते. दिवसा मागून उजेड येत असल्यामुळे पांढरी फ्रेमही आतून काळपटच दिसते. पण फ्रेमभोवतीच्या भिंतीच्या जाडीच्या कडा पांढऱ्या ठेवा. बाहेरचा लख्ख उजेड आणि आतली भिंत यांच्यात त्या पायरीचं काम करतात.

खिडकीच्या अगदी समोरची भिंत? तीही नको. बाहेरून आलेला उजेड पहिल्यांदा तिच्यावर पडतो आणि तिथून घरभर पसरतो. तीच गिळायला बसली तर मागच्या पॅसेजला, किचनला काय मिळणार?

उरल्या बाजूच्या दोन भिंती. त्यातली टीव्हीची भिंत गडद रंगाला सर्वांत योग्य. बंद टीव्हीचा काळा चौकोन तिच्यात मिसळून जातो, ही वरकड कमाई. पण रंग मॅट घ्या. बाजूच्या भिंतीवर उजेड तिरका येतो, आणि चकाकी असलेल्या गडद रंगावर तिरक्या उजेडात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. आणि संपूर्ण भिंतच रंगवली पाहिजे असंही नाही. टीव्हीमागे सहा फुटांचा पट्टा गडद, दोन्ही बाजू पांढऱ्या, एवढ्यानेही नजर तिथेच जाते आणि उजेडाचं नुकसान निम्म्यावर येतं. माझ्या मते आपल्या आकाराच्या घरांना हेच पुरे.

मजला बघा. 27 व्या मजल्यावर येऊरच्या डोंगराच्या बाजूला उघडी खिडकी असेल तर एका काळ्या भिंतीने काही बिघडत नाही. तिसऱ्या मजल्यावर, समोर पोडियमची पार्किंग किंवा वीस-पंचवीस फुटांवर दुसरी विंग असेल तर तोच रंग दिवसभर दिवे लावायला लावेल. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको वसाहतींत, जिथे ग्रिल, त्यात कुंड्या आणि वर छज्जा, तिथे भिंतीचा नाद सोडून गडद रंग सोफ्यात, गालिच्यात, फोटोफ्रेममध्ये आणावा.

आणि पावसाचं विसरू नका. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. कडेच्या फ्लॅटची पश्चिमेची किंवा दक्षिणेची बाहेरची भिंत जुलैपर्यंत ओल धरते आणि ऑगस्टमध्ये तिच्यावर पांढरा खार फुटतो. पांढऱ्या भिंतीवर तो पहिले काही दिवस लक्षातही येत नाही. काळ्या भिंतीवर तो दारातून दिसतो. पुसला की धूसर पट्टा राहतो, टच-अप केला की त्याचा वेगळा चौकोन दिसतो. म्हणून गडद रंग आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीला, आणि तिच्यामागे बाथरूम नाही ना, हे आधी बघून. रंगकामही पावसाळा संपल्यावर काढा. दमट हवेत गडद इमल्शन सावकाश वाळतं आणि त्यावर ओघळ, डाग उमटतात.

"पण खोली लहान दिसेल ना?"

काही अंशी हो. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं. छत जितकं फिकं तितकी खोली उंच वाटते, आणि भिंती फिक्या असल्या तरी उंच वाटते. दोन्हींचा परिणाम आपापला, एकात एक मिळवल्यासारखा. तेव्हा छताला हात लावू नका. काळं छत रेस्टॉरंटला शोभतं. तिथे माणूस तासाभराने उठून जातो.

एकच भिंत गडद असेल तर खोली लहान होण्यापेक्षा तिचा आकार बदललेला वाटतो. लांबट पॅसेजच्या टोकाची भिंत गडद केली तर ती जवळ आल्यासारखी वाटते आणि बोगद्यातून चालल्याची भावना कमी होते. चौकोनी छोट्या बेडरूममध्ये मात्र असा फायदा नाही. तिथे निव्वळ आवड म्हणून करायचं तर करा.

"काळ्यावर धूळ फार दिसते"

दिसते. मेट्रोचं काम, नवी बांधकामं, घोडबंदर रोडची वाहतूक यांनी जी धूळ घरात येते ती बहुतेक करडी-पांढुरकी असते आणि काळ्या चकचकीत लॅमिनेटवर सकाळी पुसलेली दुपारी परत हजर होते. पांढऱ्यावर हातांचे डाग, स्कर्टिंगवर मॉपचे डाग, डास मारल्याची खूण दिसते. दोन्ही टोकांना मळ दिसणारच, त्यातला कुठला आपल्याला जास्त खुपतो ते ठरवा. उभ्या भिंतीवर धूळ कमी बसते, आडव्या गोष्टींवर जास्त. म्हणून काळी भिंत परवडते, काळं टेबल परवडत नाही.

सध्या टीव्हीमागे उभ्या खाचांचे चारकोल पॅनेल लावायची लाट आहे. त्या खाचांतली धूळ फडक्याने निघत नाही. जुना टूथब्रश घेऊन स्टुलावर उभं राहावं लागतं, आणि ते काम ज्याने पॅनेल पसंत केलं त्याच्याकडे सहसा येत नाही. याच बेताच्या पट्ट्यांचा आणखी एक त्रास आहे. बारीक काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ठरावीक दाटीने आल्या की कित्येकांना डोळ्यांसमोर झिणझिणल्यासारखं होतं, अर्धशिशी असलेल्यांना जास्तच. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अर्नॉल्ड विल्किन्स यांनी यावर बरंच काम केलं आहे. सर्वांत त्रासदायक दाटी नजरेच्या एका अंशात साधारण तीन जोड्या. आपल्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून दहा फुटांवरची भिंत बघितली तर हे गणित येतं पावणेदोन सेंटिमीटरला एक गडद-फिकी जोडी. फिक्या लाकडी पट्ट्या आणि मध्ये काळ्या फटी असलेली काही पॅनेलं या मापाच्या जवळ जातात. सगळंच पॅनेल एका गडद रंगाचं असेल तर त्रास कमी. पट्टेरी वॉलपेपर घेणार असाल तर पट्टे हाताएवढे रुंद घ्या.

ओट्याचं थोडं वेगळं. ठाण्या-मुंबईत काळा ग्रॅनाइटचा ओटा इतका सवयीचा आहे की त्याला कुणी हाय-कॉन्ट्रास्ट म्हणत नाही. त्यावर कणीक, रवा, सांडलेला भात लगेच दिसतो, पुसला जातो. सांडलेली मोहरी आणि काळ्या मुंग्या मात्र दिसत नाहीत. वर ट्रॉल्यांना जोडून ओव्हरहेड कपाटं केलीत तर ओट्यावर त्यांचीच सावली पडते, आणि काळ्यावर सावली म्हणजे विळीच्या पात्याचा अंदाज चुकतो. कपाटांच्या खाली एलईडी पट्टी लावा. अख्ख्या घरात एकच जादा दिवा लावायची मुभा असेल तर तो तिथे.

"काळा रंग घर तापवतो"

बाहेरच्या भिंतीला आणि गच्चीला लावला तर नक्की तापवतो, थेट ऊन पडतं म्हणून. गच्चीला पांढरा रंग देतात तो त्याचसाठी. आतल्या भिंतीचं तसं नाही. खिडकीतून आत आलेलं ऊन पांढऱ्या भिंतीवर पडो की काळ्या, शेवटी घरातच कुठेतरी शोषलं जातं. पांढऱ्याने त्यातला थोडा भाग खिडकीबाहेर परत जातो इतकंच. पंख्याखाली बसून फरक कळणार नाही.

"घरात काळा? शुभ नाही"

हा आक्षेप बहुधा आजीकडून येतो आणि तिला वाद घालून गप्प करण्यात अर्थ नाही. संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने घालून नव्या सुनेचं कौतुक हीच आजी करते, एवढं हळूच सुचवावं. तरी नाहीच पटलं तर काळ्याऐवजी गडद निळा, गडद हिरवा किंवा तपकिरी घ्या. एलआरव्ही 8-10 च्या आत असला की काम तेच होतं आणि काळा शब्द तोंडातून काढावा लागत नाही. फक्त रंगाऱ्याला विचारून घ्या. गडद लाल, गडद हिरव्या छटांच्या बेसमध्ये झाकणारं पांढरं रंगद्रव्य जवळपास नसतंच, त्यामुळे खालची भिंत डोकावते. "साहेब, याला तीन हात लागतील, चौथाही लागेल कदाचित," असं तो म्हणाला तर तो फसवत नाहीये.

घरात सत्तरीचं कुणी असेल तर

कॉन्ट्रास्टचा खरा उपयोग इथे आहे आणि सँपल फ्लॅटमध्ये नेमका हाच कुणी दाखवत नाही.

वय वाढतं तशी डोळ्यातली भिंगं पिवळट होतात, बाहुली लहान होते. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदू असेल तर गडद-फिक्यातला फरक ओळखणं आणखी जड जातं. चष्म्याचा नंबर बरोबर असूनही बाबा जिन्यात अडखळतात त्यामागे हे असू शकतं.

आपल्या नव्या बाथरूममध्ये काय असतं? पांढऱ्या टाइल्स, पांढरं कमोड, पांढरं बेसिन, स्टीलचा चकचकीत रॉड. आईला कमोडची कडा नेमकी कुठे आहे हे डोळ्यांनी कळत नाही, ती हाताने चाचपते. तिथे गडद रंगाची सीट बसवा. कमोडमागची टाइल बदलायची असेल तर गडद घ्या. आधाराची दांडी भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाची असावी. बिल्डर बाथरूमच्या दाराशी काळ्या ग्रॅनाइटची चौकट आणि उंबरठा बसवतो, ती सोय चांगलीच आहे. आयव्हरी टाइलवरून चालताना पायरी आली हे तिथे कळतं. दुरुस्तीच्या वेळी "जुनाट दिसतो" म्हणून तो काढून जमिनीच्या रंगाचा उंबरठा बसवू नका.

किती फरक पुरेसा? ब्रिटनमधल्या सुगम्य इमारतींच्या मार्गदर्शक तत्त्वांत लगतच्या दोन पृष्ठभागांच्या एलआरव्हीत निदान 30 अंकांचा फरक ठेवायला सांगतात: भिंत आणि दार, भिंत आणि जमीन, पायरीची कड. घरासाठीही हा आकडा धरायला हरकत नाही. रो-हाउसच्या किंवा ड्युप्लेक्सच्या जिन्याला प्रत्येक पायरीच्या कडेला दीड-दोन इंची गडद पट्टी करा. स्विच बोर्ड भिंतीतच विरघळणारे "छान" मिळतात, आई-बाबांच्या खोलीत ते नकोत.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला फिक्या जमिनीवरचं गडद पायपुसणं खड्ड्यासारखं दिसू शकतं. तो तिथे थबकतो, वळसा घालतो, कधी उडी मारायला जातो. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशीही त्याला वर-खाली भासते. अशा घरात जमीन सगळीकडे एकाच फिक्या रंगाची, चकाकी नसलेली, आणि सगळा कॉन्ट्रास्ट भिंतीवर, दारांवर, कमोडवर.

भाड्याचं घर असेल तर

अकरा महिन्यांच्या करारावर भिंत काळी करू नका. सोडताना पुन्हा पांढरी करायला प्रायमरचा एक हात आणि वर निदान दोन हात रंग जातो, आणि तो खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. पांढऱ्या भिंतीवर मोठी काळी फ्रेम, गडद पडदा, गडद गालिचा. सगळं टेम्पोत घालून पुढच्या घरी नेता येतं.

डबा उघडण्याआधी

दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायच्या तुकड्यावर किंवा जाड पुठ्ठ्यावर सँपल मारून घ्या, दोन हात. थेट भिंतीवर मारू नका, शेजारची जुनी क्रीम भिंत डोळ्याला फसवते. तो तुकडा ठरलेल्या जागी उभा करा आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. दिव्याच्या खोक्यावर 3000 के, 4000 के, 6500 के असं लिहिलेलं असतं, तो उजेडाचा पिवळसर ते निळसर रंग. 6500 मध्ये काळं-पांढरं घर दवाखान्यासारखं थंड वाटतं, 3000 मध्ये पांढरा क्रीमकडे झुकतो. हॉलला बहुधा 4000 जमतो. खोलीचा फोटो काढून ब्लॅक-अँड-व्हाइट करा. त्यात ज्या दोन-तीन जागी नजर जाते त्याच जागी ती जायला हवी आहे का, ते बघा. फोटोत दहा ठिकाणी काळे ठिपके उठून दिसले तर सामान कमी करायची वेळ आहे, रंग वाढवायची नव्हे.

आणि काम संपल्यावर उरलेला अर्धा लिटर रंग रंगाऱ्याला देऊन टाकू नका. डब्याच्या झाकणावर शेड नंबर, बॅच नंबर आणि तारीख मार्करने लिहून ठेवा. गडद रंग नंतर पुन्हा मिसळून आणला की जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि सोफ्याच्या पाठीचा पहिला ओरखडा दिवाळीच्या आत पडतोच.